लॉग अक्षावरचा आलेख आणि हरवलेले बिंदू

पाठाची ओळख

अभियांत्रिकीच्या कोणत्याही शाखेत असा, दुसऱ्या वर्षानंतर लॉग अक्षावरचे आलेख तुमची पाठ सोडत नाहीत. फिल्टरचा प्रतिसाद, नळातल्या प्रवाहाचे घर्षण, रासायनिक अभिक्रियेचा वेग, भूकंपाची तीव्रता अशा ठिकाणी राशी हजारपट किंवा लाखपट बदलते, आणि साध्या अक्षावर तिचा निम्मा इतिहास डाव्या कोपऱ्यात चिरडून जातो. म्हणून आपण लॉग अक्ष घेतो. तो घेतल्यावर होणारी एक साधी चूक या टिपणात पाहू. या चुकीत संगणक लाल अक्षरांत इशारा देत नाही. तो एक सुबक, गुळगुळीत आणि चुकीचा आलेख काढून देतो.

पूर्वज्ञान म्हणून लॉगरिदमचे नियम, डेसिबेलची व्याख्या आणि साध्या आरसी फिल्टरचे सूत्र एवढे पुरे. आज्ञा सायलॅब, ऑक्टेव्ह आणि पायथनच्या नमपाय यांच्या अनुषंगाने दिल्या आहेत. ही सगळी सॉफ्टवेअर विनामूल्य आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सायलॅबची प्राथमिक ओळख मराठीतूनही ऐकता येते.

१. एक फिल्टर, दोन उत्तरे

काशीत दुर्गाघाटावर आमचे घर आहे. गल्लीतलाच, तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी एका संध्याकाळी लॅपटॉप घेऊन आला. त्याने ध्वनिवर्धकासाठी एक हाय-पास फिल्टर बनवला होता. हाताने केलेल्या गणितानुसार कटऑफ वारंवारता २० हर्ट्झ येत होती. ब्रेडबोर्डवर जोडून ऑसिलोस्कोपवर मोजली, तरी जवळपास २० च आली. पण सायलॅबमध्ये त्याच सूत्राचा आलेख काढला, तर रेषा −३ डेसिबेलला ६१ हर्ट्झवर छेदत होती.

त्याने प्रोग्रॅममध्ये कपॅसिटरची किंमत तिप्पट केली. कटऑफ कपॅसिटरच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून ६१ ची २० व्हायला हवी होती. आलेखात ती ४४ झाली. दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा होती. शेवटी त्याने अहवालात लिहून टाकले : "प्रत्यक्ष मोजमापात त्रुटी आढळली."

मोजमाप बरोबर होते. हाताने केलेले गणितही बरोबर होते. सूत्र प्रोग्रॅममध्ये अचूक उतरवले होते. तरीही या तिघांना खोटे ठरवून त्याने पडद्यावरच्या रेषेवर विश्वास ठेवला. ही रेषा कशी तयार झाली ते समजून घेतले, की हा गोंधळ पुन्हा होणार नाही.

२. सॉफ्टवेअरला फक्त बिंदू माहीत असतात

आमच्या घाटाला लागूनच पंचगंगा घाट आहे. कार्तिक पौर्णिमेला देवदिवाळीच्या रात्री या सगळ्या घाटांच्या पायऱ्यांवर पणत्या मांडतात. नदीच्या मध्यावर होडीतून पाहिले, तर अंधारात पायऱ्या दिसत नाहीत, दिसतात फक्त पणत्या. डोळा त्या मनानेच जोडतो आणि आपण म्हणतो, "तो बघ घाट." एखाद्या जागी पायऱ्या तुटल्या असतील आणि नेमकी तिथेच पणती नसेल, तर होडीतल्या माणसाला घाट अखंडच दिसतो.

आलेख काढणारे सॉफ्टवेअर हेच करते. तुम्ही क्ष च्या काही किंमतींची यादी देता, सॉफ्टवेअर प्रत्येक किंमतीला फलाची किंमत काढते आणि शेजारच्या दोन बिंदूंमध्ये पडद्यावर सरळ रेषा ओढते. दोन बिंदूंच्या मध्ये फल काय करते याची त्याला काहीही माहिती नसते. त्यामुळे खरा प्रश्न असा आहे : बिंदू कुठे ठेवायचे?

३. हजार बिंदू कुठे गेले?

त्या विद्यार्थ्याने १ ते १,००,००० हर्ट्झ या पट्ट्यात लिनस्पेस आज्ञेने १००० बिंदू घेतले होते. लिनस्पेस सारख्या अंतराचे बिंदू देते. इथे ते अंतर ९९,९९९ ÷ ९९९, म्हणजे सुमारे १००.१ हर्ट्झ येते. म्हणून बिंदू असे पडतात : १, १०१.१, २०१.२, ३०१.३ … आता प्रत्येक दसपट पट्ट्यात, म्हणजे प्रत्येक डिकेडमध्ये, किती बिंदू आले ते मोजा.

- १ ते १० हर्ट्झ : १ बिंदू
- १० ते १०० हर्ट्झ : ० बिंदू
- १०० ते १,००० हर्ट्झ : ९ बिंदू
- १,००० ते १०,००० हर्ट्झ : ९० बिंदू
- १०,००० ते १,००,००० हर्ट्झ : ९०० बिंदू

लॉग अक्षावर या पाचही डिकेडना कागदाची सारखी रुंदी मिळते. म्हणजे १००० पैकी ९०० बिंदू उजवीकडच्या एक पंचमांश भागात दाटीवाटीने बसले आणि डावीकडच्या दोन पंचमांश भागात, १ ते १०१ हर्ट्झपर्यंत, एकच सरळ रेषा ओढली गेली. फिल्टरची सगळी गंमत नेमकी त्याच भागात होती.

ती रेषा आपणही हाताने काढू. १ हर्ट्झला फिल्टरचा गेन −२६.०३ डेसिबेल आणि १०१.१ हर्ट्झला −०.१७ डेसिबेल. या दोन बिंदूंमधले लॉग अंतर २.००५ डिकेड आहे. म्हणून रेषेचा चढ दर डिकेडला १२.९ डेसिबेल होतो. हा चढ धरला तर −३ डेसिबेलची पातळी १ हर्ट्झपासून १.७८ डिकेडवर येते, म्हणजे सुमारे ६१ हर्ट्झवर. हाच तो आकडा. कपॅसिटर तिप्पट केल्यावर याच रीतीने ४४ मिळते. करून पाहा.

खऱ्या फिल्टरचा चढ कटऑफच्या बराच खाली दर डिकेडला २० डेसिबेल असतो. आलेखात १२.९ दिसत होता, आणि कपॅसिटर बदलल्यावर ८.३. एका टप्प्याच्या आरसी फिल्टरचा चढ कपॅसिटर बदलून कधीच बदलत नाही. आलेख चुकल्याचा हा पुरावा पडद्यावरच होता, पण तो पाहायला कोणी थांबले नाही.

अक्ष लॉग करणारी आज्ञा बिंदू बदलत नाही, हे पक्के लक्षात ठेवा. सेमीलॉगएक्स लिहिले किंवा अक्षाचा गुणधर्म लॉग केला, तरी आधी घेतलेली बिंदूंची यादी तीच राहते. फक्त कागद ताणला जातो.

४. उपाय : सारखे अंतर नव्हे, सारखे गुणोत्तर

लॉग अक्षावर बिंदू सारख्या अंतरावर दिसायला हवे असतील, तर प्रत्येक बिंदू आधीच्या बिंदूच्या ठरावीक पट हवा. म्हणजे समांतर श्रेणीऐवजी भूमिती श्रेणी घ्यायची. एका डिकेडमध्ये न भाग हवे असतील, तर गुणोत्तर १० चा १/न वा घात. न = १० असेल तर गुणोत्तर १.२५९ आणि बिंदू असे : १, १.२६, १.५८, २.००, २.५१, ३.१६, ३.९८, ५.०१, ६.३१, ७.९४, १०.

यासाठी लॉगस्पेस ही आज्ञा आहे. ती वापरताना तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, लॉगस्पेसला टोके द्यायची नसतात, टोकांचे घातांक द्यायचे असतात. १ ते १,००,००० साठी ० आणि ५ लिहा. इथे १ आणि १,००,००० लिहिलेत, तर संगणक १० चा एक लाखावा घात काढायला जातो आणि उत्तर अनंत येते. घातांकांचा त्रास नको असेल, तर नमपायमध्ये जिओमस्पेस ही आज्ञा थेट टोके घेते.

दुसरी, किती बिंदू हवेत ते सांगितले नाही, तर सायलॅब, ऑक्टेव्ह आणि नमपाय तिन्हींत लॉगस्पेस ५० बिंदू देते. पट्टा दोन डिकेडचा असो की दहा डिकेडचा, बिंदू ५० च. म्हणून एकूण बिंदूंचा विचार करू नका. दर डिकेडला किती हवेत ते आधी ठरवा, डिकेडच्या संख्येने गुणा आणि १ मिळवा.

तिसरी, सुरुवात शून्यापासून करू नका. शून्याचा लॉग नसतो. बहुतेक सॉफ्टवेअर असा बिंदू गुपचूप गाळून टाकतात, आणि आलेख आपल्या मनाने कुठून तरी सुरू होतो.

५. किती बिंदू पुरेत?

हा प्रश्न फार जुना आहे. सूर्यसिद्धान्तात ज्यांची, म्हणजे आजच्या भाषेत साइनची, सारणी आहे. शून्य ते ९० अंशांमध्ये २२५ कलांच्या, म्हणजे ३ अंश ४५ कलांच्या, सारख्या अंतराने २४ किंमती. त्रिज्या ३४३८ कला. मधल्या कोनासाठी शेजारच्या दोन किंमतींमध्ये त्रैराशिक मांडायचे, म्हणजेच सरळ रेषा ओढायची. एकोणिसाव्या शतकात याच काशीच्या संस्कृत महाविद्यालयात गणित आणि ज्योतिष शिकवणारे महाराष्ट्रीय पंडित बापूदेव शास्त्री यांनी या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले. ते १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले.

चोवीसच किंमती कशा पुरल्या? दोन बिंदूंमध्ये सरळ रेषा ओढल्यावर होणारी चूक जास्तीत जास्त एवढी असते :

चूक = (अंतराचा वर्ग ÷ ८) × त्या भागातील द्वितीय विकलजाची सर्वांत मोठी किंमत

साइनसाठी ही किंमत १ पेक्षा मोठी होत नाही. अंतर ३.७५ अंश, म्हणजे ०.०६५४ रेडियन. सूत्रात घातले तर चूक ०.०००५४ येते आणि ३४३८ त्रिज्येवर ती १.८ कला होते. कोनमापनासाठी ही सारणी पुरेशी होती. साइनचे वळण सगळीकडे साधारण एकाच मापाचे असल्यामुळे तिथे सारखे अंतर शोभून दिसते.

आता हेच सूत्र आपल्या फिल्टरला लावू, पण एक पथ्य पाळून. अंतर आणि विकलज दोन्ही आपण ज्या अक्षावर आलेख काढतो त्याच अक्षावर मोजायचे, म्हणजे क्ष ऐवजी लॉग क्ष घ्यायचा. तसे केल्यावर एका टप्प्याच्या फिल्टरसाठी सर्वांत मोठी चूक २.८८ ÷ (न चा वर्ग) डेसिबेल येते. न = १० घेतला तर चूक ०.०३ डेसिबेलपेक्षाही कमी.

दर डिकेडला १० भाग म्हणजे पाच डिकेडना ५१ बिंदू. सारख्या अंतराचे १००० बिंदू घेऊन २० हर्ट्झला आलेख −९.२५ डेसिबेल दाखवत होता. खरी किंमत −३.०१, म्हणजे सव्वासहा डेसिबेलची चूक. ५१ बिंदू नीट ठेवले तर ती चूक दोनशेव्या हिश्श्याहूनही कमी होते. बिंदू वाढवणे हा पहिला उपाय नव्हे. ते योग्य जागी ठेवणे हा पहिला उपाय.

६. लॉग अंतरही कुठे फसते?

आता लॉगस्पेस हाच मंत्र धरून बसू नका. तीन प्रकारची फले त्यालाही चकवतात.

*टोकदार अनुनाद.* एक आरएलसी मंडल घ्या. अनुनाद वारंवारता ११२२ हर्ट्झ, क्यू = ५०, शिखराची उंची ० डेसिबेल. दर डिकेडला १० भाग घेतले तर शिखराच्या दोन बाजूंचे बिंदू १००० आणि १२५९ हर्ट्झवर पडतात. दोन्ही ठिकाणी गेन −२१.३ डेसिबेल. आलेखात शिखराच्या जागी −२१.३ वर सपाट माळ दिसतो. शिखराची रुंदी अनुनाद वारंवारता ÷ क्यू, म्हणजे साडेबावीस हर्ट्झ, आणि आपल्या बिंदूंमधले अंतर २५९ हर्ट्झ. मासा जाळ्याच्या भोकातून निघून गेला.

शिखराच्या रुंदीत निदान १० भाग पडायला हवे असतील, तर दर डिकेडला सुमारे २३ × क्यू भाग लागतात. क्यू ५० असेल तर ११५०. सगळीकडे एवढे बिंदू घेण्यापेक्षा सर्वत्र मोजके बिंदू घ्या, शिखराच्या आसपास वेगळी दाट यादी करा, दोन्ही याद्या एकत्र करून चढत्या क्रमाने लावा. क्रम लावायला विसरलात तर रेषा मागेपुढे धावून कोळ्याचे जाळे होईल.

*शून्यातून जाणारे फल.* आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. तिची घरघर काढायला वापरतात तो ट्विन-टी नॉच फिल्टर घ्या. आदर्श फिल्टरचा गेन ५० हर्ट्झला शून्य, म्हणजे डेसिबेलमध्ये उणे अनंत. १ हर्ट्झपासून दर डिकेडला १० भाग घेतले तर सर्वांत जवळचा बिंदू ५०.१२ वर पडतो आणि दरीची खोली ५८.५ डेसिबेल दिसते. तीच यादी २ हर्ट्झपासून सुरू केली तर जवळचा बिंदू ५०.२४ वर पडतो आणि खोली ५२.५ दिसते. फिल्टर तोच, फक्त यादीची सुरुवात बदलली. यादीत नेमका ५० आला तर तो बिंदू गळून रेषेत भेग पडते. म्हणून अशा दरीची खोली आलेखावरून कधीही वाचू नका. ती फिल्टरबद्दल काही सांगत नाही, तुमच्या बिंदूंबद्दल सांगते.

*अखंड हेलकावणारे फल.* साइन क्ष हे फल १ ते १०,००० या पट्ट्यात लॉग अक्षावर काढा. इथे लॉग अंतर उलट्या टोकाला फसते. दर डिकेडला १०० भाग घेतले तर दोन बिंदूंमधले अंतर क्ष च्या २.३ टक्के असते. एका आवर्तनात निदान दोन बिंदू हवेत. ही अट क्ष सुमारे १३५ होताच मोडते. त्याच्या उजवीकडे दिसणाऱ्या संथ, देखण्या लाटा अस्तित्वातच नसतात. सिग्नल प्रक्रियेत तुम्ही जे एलियासिंग शिकता तेच हे.

इथे बिंदू वाढवूनही फारसे साधत नाही. शेवटच्या डिकेडमध्ये साइनची १४३२ आवर्तने आहेत आणि १६०० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर त्या डिकेडच्या वाट्याला ४०० पिक्सेल येतात. चारशे रकान्यांत चौदाशे लाटा मावत नाहीत. अशा वेळी फलाची वरची आणि खालची मर्यादा, म्हणजे आच्छादन, काढा, किंवा तो पट्टा वेगळ्या आलेखात साध्या अक्षावर दाखवा.

७. सॉफ्टवेअर स्वतः बिंदू निवडते तेव्हा

मॅथेमॅटिकासारखे सॉफ्टवेअर आधी मोजके बिंदू घेते आणि रेषा जिथे जास्त वळते तिथे मध्ये आणखी बिंदू भरते. ही सोय चांगली आहे, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. वळण कोणत्या अक्षावर तपासले जाते याला महत्त्व आहे. साध्या अक्षासाठी निवडलेले बिंदू नंतर लॉग अक्षावर टाकले, तर दुखणे तेच राहते. म्हणून लॉग अक्षासाठी असलेली आज्ञाच वापरा. दुसरे, पहिल्या मोजक्या बिंदूंमधून शिखर पूर्ण निसटले असेल, तर तिथे वळणच दिसत नाही आणि सॉफ्टवेअर तिथे बिंदू वाढवत नाही.

८. सूत्र आणि मोजमाप यांतला भेद

आतापर्यंत आपल्याजवळ सूत्र होते, म्हणून हवे तिथे बिंदू वाढवता आले. मोजलेल्या आकड्यांचे तसे नसते. नदीच्या पाण्यातले कोलिफॉर्म जिवाणू घ्या. स्नानयोग्य पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषात विष्ठाजन्य कोलिफॉर्मची इष्ट मर्यादा दर १०० मिलिलिटरला ५०० आणि कमाल मर्यादा २५०० आहे. प्रत्यक्ष आकडे अनेक डिकेडमध्ये पसरू शकतात, म्हणून असे आलेख लॉग अक्षावर काढतात. पण दोन घाटांवरच्या नमुन्यांमध्ये ओढलेली रेषा हे मधल्या पाण्याचे मोजमाप नव्हे. मधल्या घाटावर लोक स्नान करतात, आणि तिथले पाणी कोणी तपासलेले नाही. अशा आलेखात बिंदू ठळक काढा. रेषा ओढायचीच असेल तर तुटक ओढा.

९. आलेख सादर करण्यापूर्वी

- एकदा रेषा न जोडता फक्त बिंदू काढून पाहा. कुठे रान मोकळे आहे ते लगेच कळते.
- बिंदू दुप्पट करून आलेख पुन्हा काढा. तुम्ही वाचत असलेला आकडा बदलला, तर पहिला आलेख रद्द करा.
- सूत्रावरून माहीत असलेली एखादी गोष्ट, जसे टोकाचा चढ, कटऑफ किंवा शिखराची उंची, आलेखाशी ताडून पाहा.
- आलेखाखाली दर डिकेडला किती बिंदू घेतले ते लिहा.
- आलेख आणि मोजमाप जुळत नसेल, तर मोजमापाला दोष देण्याआधी वरच्या चारही गोष्टी करा.

त्या संध्याकाळी आम्ही यापैकी फक्त पहिली गोष्ट केली. रेषा काढून टाकताच डावीकडे एकुलता एक बिंदू उरला. तो मुलगा क्षणभर पाहत राहिला, मग काही न बोलता अहवालाची फाइल उघडून त्याने "त्रुटी आढळली" हे वाक्य पुसले आणि आपला ऑसिलोस्कोपचा आकडा परत लिहिला.

सराव

१. ०.०१ ते १०० या पट्ट्यात सारख्या अंतराचे २००१ बिंदू घेतले. १ च्या खाली किती बिंदू येतील? ०.१ च्या खाली किती? (उत्तर : २० आणि २. लॉग अक्षावर मात्र १ च्या खालचा भाग निम्मी रुंदी घेतो.)

२. क्यू = २० असलेल्या मंडलाच्या शिखराच्या रुंदीत १० भाग पडण्यासाठी दर डिकेडला किती भाग हवेत? (उत्तर : सुमारे ४६०.)

३. ई चा −क्ष वा घात हे फल दोन्ही लॉग अक्षांवर १ ते १०,००० पर्यंत काढा. रेषा ७४५ च्या थोडे पुढे अचानक का थांबते? (सूचना : संगणक किती लहान संख्या साठवू शकतो ते पाहा. त्यापुढे उत्तर शून्य होते, आणि शून्याचा लॉग नसतो.)

४. भाग १ मधील फिल्टर घ्या. कपॅसिटर तिप्पट केल्यावर ४४ हर्ट्झ हा आकडा हाताने काढून दाखवा. मग ५१ बिंदूंची लॉग यादी घेऊन कटऑफ पुन्हा वाचा. (उत्तर : ६.७ हर्ट्झ.)